वासराच्या जलसंजीवनीतली साखर खोडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीच्या पानावर गेल्या आठवड्यात पावसाळ्यातल्या वासरांच्या काळजीबद्दल एक चौकट आली होती. नाळेला आयोडीन लावा, गोठा कोरडा ठेवा, जंताचं औषध वेळेवर पाजा, हे सगळं रास्तच होतं. शेवटी मात्र हगवण लागलेल्या वासराला घरच्या घरी साखर-मीठ-पाणी करून पाजावं, असा सल्ला होता. मी चहा खाली ठेवला, चष्मा पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली. ओळ माझ्या चांगलीच ओळखीची आहे. पस्तीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः सायकलवरून गावोगाव तीच सांगत फिरत होतो.

मी डॉक्टर नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून साक्री, नवापूर, शिरपूर, यावल असा बदल्या घेत घेत निवृत्त झालो. रेतन, लसी, खच्चीकरण, मलमपट्टी आणि डॉक्टरसाहेब पोचेपर्यंत मालकाला धीर देणं, एवढं माझं काम. लोक तरीही 'डॉक्टर' म्हणायचे आणि मीही फारसं अडवायचो नाही, हे कबूल करतो.

गोष्ट १९८८ सालची. पिंपळनेरच्या अलीकडच्या एका वस्तीवर एका बाईंची संकरित गाय व्याली होती. गाय कर्जाची, आणि झालेली कालवड पहिलीच. आठव्या-नवव्या दिवशी बाई सकाळी सकाळी दवाखान्याच्या दारात उभ्या. "भाऊ, वासरू पानी पानी हागी ऱ्हायनं." त्या वर्षांत आरोग्य केंद्राच्या भिंतीवर जलसंजीवनीचं चित्र रंगवलेलं असायचं. तांब्या, साखर, मीठ आणि आईच्या मांडीवर मूल. मला वाटलं, लेकराला चालतं ते वासराला का चालू नये? पाणी उकळून गार करायला लावलं, त्यात मूठभर साखर आणि चिमूटभर मीठ घातलं आणि बाटलीनं पाजलं. दुपारपर्यंत हगवण वाढली. मी म्हटलं, पाणी कमी पडतंय, अजून पाजा. संध्याकाळी शेपटीखालून नुसतं पाणी जाऊ लागलं, फेसाळ आणि आंबूस वासाचं. डोळे खोल गेले, कान गार पडले. बाईंनी साखरेचा डबा पालथा केला. रेशनची साखर होती ती, घरात चहालासुद्धा जपून वापरलेली. तिसऱ्या दिवशी पहाटे कालवड गेली.

साखरेनंच मारलं, असं मी म्हणत नाही. हगवणीचे जंतू आधीपासून पोटात होतेच. पण पाणी म्हणून मी जे पाजत होतो, ते तिच्या अंगातलं उरलंसुरलं पाणी बाहेर काढत होतं. हे मला कळलं चार वर्षांनी, एका प्रशिक्षणात. शिकवायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हगवणीत साखर-मीठ-पाणी कोण कोण पाजतं? आम्ही पंधरा-वीस जणांनी अभिमानानं हात वर केले. बाई म्हणाल्या, "हात खाली घ्या. वासराला साखर पचत नाही."

वर्गात हशा झाला. साखर पचत नाही म्हणजे काय? ती तर तोंडातच विरघळते. पण विरघळणं वेगळं आणि पचणं वेगळं. आपण चहात घालतो ती साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ही जोडी फुटल्याशिवाय आतड्याच्या भिंतीतून रक्तात जात नाही आणि ती फोडायला सुक्रेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. माणसाच्या आतड्यात ते आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या आतड्यात ते नाहीच. मोठ्या गायीचं त्यावाचून अडत नाही, कारण तिनं खाल्लेलं उसाचं वाढं किंवा मळी आधी कोटीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या तिच्या पहिल्या मोठ्या पोटात, पडते आणि तिथले जंतू तिचा फडशा पाडतात. दूधपित्या वासराचं कोटीपोट अजून तयार झालेलं नसतं. शिवाय वासरू चोखतं तेव्हा आत एक पन्हळ मिटते आणि प्यालेलं दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. साखरपाणीही त्याच वाटेनं जातं. तिथून साखर जशीच्या तशी आतड्यात येते. न पचलेली साखर पाणी धरून ठेवते आणि आतड्याच्या भिंतीतून आणखी ओढून घेते. पुढं मोठ्या आतड्यात जंतू तिला आंबवतात आणि त्यातून आम्ल आणि वायू तयार होतो. पिंपळनेरच्या त्या आंबूस फेसाचा अर्थ मला त्या दिवशी लागला. जेवणाच्या सुट्टीत मी जेवलो नाही.

गुळाचंही तेच. गुळात बहुतांश हीच साखर असते. 'वासरू अशक्त आहे, गूळपाणी पाजा' असं सांगणारी जुनी माणसं आपल्याकडं घरोघरी आहेत आणि त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. गूळ गायीला द्या, व्याल्यावर तिला तो लागतोच. वासराच्या तोंडाला लावू नका.

माणसांच्या जलसंजीवनीची हकिगत मी नंतर वाचली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली होती आणि शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते ड्रमातून लोकांना प्यायला दिलं. त्यात साखर नव्हती, ग्लुकोज होतं. ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम आतड्याच्या भिंतीतल्या एकाच दारानं जोडीनं आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं, अशी त्यातली गोम आहे. घरगुती साखरेनं माणसाच्या लेकराचं काम भागतं, कारण त्याचं आतडं साखर फोडून ग्लुकोज मोकळं करतं. वासराच्या बाबतीत दार तेच असतं, पण साखर फोडणारं कुणी नसतं. म्हणून वासराला द्यायचं ते ग्लुकोज आणि क्षारांचं पाणी. शक्यतो गुरांच्या दवाखान्यात मिळणारी पुडी घ्यावी आणि डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं. दूध पूर्ण तोडू नये. दुधातली साखर वासराला पचते, तिचं विकर त्याच्याकडं भरपूर असतं.

एवढं वाचून कुणी न पचणाऱ्या साखरेला सरसकट विष समजेल, म्हणून पुढचं लिहितो. पत्र लांबेल, पण कात्री आपल्याच हातात आहे.

ज्वारीचा कडबा घ्या. त्यातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच कड्यांची लांब साखळी. पण कड्या अशा जोडल्या आहेत की गाय स्वतःच्या पाचकरसानं त्या तोडू शकत नाही. त्या तोडतात कोटीपोटातले जंतू, आणि त्यातून निघणारी आम्लं गाय रक्तात ओढून घेते. तिला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के वाटा या आम्लांतून येतो. म्हणजे धुळ्या-जळगावात दुधाची जी बादली भरते, ती न पचणाऱ्या साखरेवरच भरते. उलट चटकन आंबणारी साखर तिला एकदम मिळाली तर घात होतो. यावलला असताना केळीचे भाव पडले की पिकून मऊ झालेले घडच्या घड ढोरांपुढं टाकलेले मी पाहिलेत. एका म्हशीनं रात्रभर चरचर खाल्ले आणि सकाळी ती उठेना. पोट दाबलं की आत डबडब पाणी वाजायचं. कोटीपोट इतकं आंबट झालं होतं की तिथले रोजचे जंतू मेले असावेत. सोडा पाजून, चारा बदलून चार दिवसांनी ती रवंथ करायला लागली. मालक म्हणाला, केळी तर देवाचा प्रसाद! मी म्हटलं, प्रसाद तळहातावर घेतात, टोपल्यानं नाही.

आता माझ्या कोंबड्यांची गोष्ट. निवृत्तीनंतर मी गावी, चोपडा तालुक्यात, शंभर-सव्वाशे गावरान कोंबड्या पाळतो. एका वर्षी सोयाबीनला भाव नव्हता. शेजारच्या जिभाऊंनी दोन क्विंटल माझ्या ओट्यावर आणून टाकलं, म्हणाले, पैसे सावकाश द्या. कच्चं सोयाबीन कोंबडीला चालत नाही, त्यात प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो, हे मला माहीत होतं. उष्णतेनं तो मरतो. म्हणून मी ते चांगलं खरपूस भाजलं, भरडलं आणि मक्यात मिसळून चारलं. पिलांची वजनं बरी आली. पण खालचं भाताचं तूस आठवडाभरात चिखल झालं. शेडात शिरलं की डोळे चुरचुरायचे, इतका अमोनिया. पिलांच्या बोटांना विष्ठेचे गोळे चिकटले. मग त्या ओलीत रक्ती हगवण आली आणि अकरा पिलं गेली.

मी तूस बदललं, पाण्याची भांडी बदलली, छपराला गळती आहे का पाहिली. दोष खाद्यातच होता. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, दोन्ही मिळून शंभरात पाचेक भाग. यांच्या कड्या तोडायला लागणारं विकर कोंबडीकडं नाही. माणसाकडंही नाही, म्हणून तर कडधान्याची उसळ खाल्ली की पोट गुबारतं आणि कळण्याची भाकर जास्त झाली की रात्री कूस बदलत राहावं लागतं. प्रथिनांना अडवणारा घटक भाजण्यानं मरतो, पण या साखरा भट्टीची आच सहज सोसतात. कोंबडीच्या पोटात त्या न पचता पुढं सरकतात, पाणी ओढतात, विष्ठा पातळ होते आणि तूस भिजतं. मी अर्धं औषध केलं होतं आणि पूर्ण केलं असं समजून बसलो होतो.

उपाय आमच्या घरातच होता. मंडळींनी मटकी भिजत घातली होती आणि सकाळी ते पाणी मोरीत ओतत होत्या. मी विचारलं, पाणी का टाकता? त्या म्हणाल्या, "वातूळ असतं." या साखरा पाण्यात विरघळतात, रात्रभर भिजवलं की बऱ्याचशा पाण्यात उतरतात. मोड आले तर आणखी कमी होतात, कारण कोंबाला लागणारी शिदोरी म्हणूनच बीनं त्या साठवलेल्या असतात. तेव्हापासून मी सोयाबीन रात्रभर भिजवतो, पाणी फेकतो, उकळतो, वाळवतो आणि मगच भरडतो. त्यातही खाद्यातला त्याचा वाटा कमी ठेवतो, लहान पिलांना तर अगदी थोडा. काम वाढलं. मंडळी म्हणाल्या, कोंबड्यांसाठी पहाटे चूल पेटवता, माझ्यासाठी कधी पेटवली? याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तूस मात्र कोरडं झालं.

आणि तरीही या साखरा मुळासकट काढण्याचा माझा आग्रह नाही. कोंबडीच्या आतड्याला शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात. तिथं थोडीशी न पचलेली साखर पोचली की लॅक्टोबॅसिलससारखे भले जंतू तिच्यावर पोसतात, आतलं वातावरण किंचित आंबट ठेवतात आणि वाईट जंतूंना पाय रोवू देत नाहीत. या आंबण्यातून ब्युटिरिक आम्ल नावाचं जे आम्ल निघतं, ते आतड्याच्या भिंतीच्या पेशींचं खाद्य आहे. अशा पदार्थांना १९९५ साली गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या दोघांनी 'प्रीबायोटिक' हे नाव दिलं. हल्ली ते नाव पुडीवर छापून आपल्या गावागावांत विकायला येतं.

माझ्याकडंही एक पोरगा मोटारसायकलवर अशी पुडी घेऊन आला. मॅनन ओलिगोसॅकराइड, म्हणजे यीस्टच्या पेशीच्या सालीतली साखर. तो तोंडपाठ बोलत होता, पण बोलत होता ते खरं होतं. ई. कोलाय आणि साल्मोनेला या जंतूंच्या अंगाला बारीक दोरे असतात आणि त्या दोऱ्यांनी ते आतड्याच्या भिंतीवरची मॅनोज साखर पकडून बसतात. पुडीतली साखर त्यांच्या दोऱ्यांना आधी भेटली की ते तिलाच धरतात आणि तिच्याबरोबर विष्ठेतून बाहेर जातात. मला ही युक्ती आवडते. माझ्या नोकरीच्या काळात कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात अँटिबायोटिक मिसळणं सर्रास चालायचं. युरोपनं १ जानेवारी २००६ पासून ते बंद केलं, आपल्याकडं २०१९ मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली. त्याच्या जागी असं काही येत असेल तर चांगलंच आहे. पण गुण सगळीकडं सारखा दिसत नाही. मी त्या पोराला शेडात नेलं, कोरडं तूस दाखवलं आणि म्हटलं, हे चिखल होतं तेव्हा यायचं होतंस, म्हणजे तुझ्या पुडीची परीक्षा झाली असती. तो हसला, एक पुडी फुकट देऊन गेला. ती अजून फडताळात आहे.

असलीच एक न पचणारी साखर मात्र आमच्या घरात रोज वापरात होती. आई नव्वदीची, तिला शौचाचा त्रास. जळगावच्या डॉक्टरांनी लॅक्टुलोजची बाटली दिली होती, काकवीसारखं दाट आणि गोड. त्याच सुमारास म्हाताऱ्या मोत्याला हाडं खाऊन कुंथायची पाळी आली. पशुवैद्य म्हणाले, लॅक्टुलोज आणा. मी म्हटलं, घरात आहे! दुधातल्या साखरेपासून केलेली ही साखर ना माणसाचं आतडं फोडू शकतं ना कुत्र्याचं. ती मोठ्या आतड्यात पाणी ओढते आणि मळ मऊ होतो. पिंपळनेरच्या कालवडीच्या पोटात जे झालं तेच, फक्त मापात आणि गरजेपुरतं. मोत्याचं माप डॉक्टरांनी वेगळं ठरवून दिलं. आईला मात्र हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. कुत्र्याच्या औषधात आपला वाटा आहे हे कळलं असतं तर तिनं बाटली फेकून दिली असती.

हे सगळं त्या चौकटीत मावणार नाही, मला कळतं. दोन दुरुस्त्या मात्र मावतील. साखरेच्या जागी ग्लुकोज लिहा. आणि चौकटीत चिकाचा उल्लेखच नव्हता, तो करा. आपल्याकडं अजूनही जार पडेपर्यंत वासराला चीक पाजत नाहीत आणि पहिल्या धारेचा चीक खरवसासाठी शेजारीपाजारी वाटला जातो. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं वासराचं आतडं पहिले काही तासच नीट आत घेतं, चोवीस तासांनी ते दार जवळजवळ बंद होतं. हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. चिकात वासराला न पचणाऱ्या साखरासुद्धा असतात, हे कमी जणांना ठाऊक असतं. पहिल्या चिकात त्या सर्वांत जास्त असतात आणि दोन-तीन दिवसांत झपाट्यानं उतरतात. वासराला त्यातून ताकद मिळत नाही. त्या त्याच्या आतड्यात नव्यानं वस्तीला येणाऱ्या चांगल्या जंतूंचं अन्न आहेत, आणि वाईट जंतू भिंतीऐवजी त्यांनाच चिकटून वाहून जातात. पुडीवाल्या पोराची युक्ती गायीला आधीपासून येते, तीही फुकट.

काल रात्री साडेअकराला जिभाऊंच्या सूनबाईंचा फोन आला. गाय व्याली, वासरू उभं राहिलं. मी विचारलं, चीक पाजला? "आप्पा, जार पडनी नही आजून, चीक कसा पाजू?" बॅटरी घेऊन गेलो. वासरू पंचवीसेक किलोचं असावं, म्हणजे पहिल्या दिवसात अडीच लिटर चीक तरी पोटात जायला हवा. सड धुतले, वासराचं तोंड लावलं, ते ढुसण्या देत चोखायला लागलं. वासरू चोखतं तेव्हा गायीच्या अंगातून जे द्रव्य सुटतं ते दूध उतरवतं आणि गर्भाशयही आवळतं, त्यामुळं जार पडायलाही मदत होते. सूनबाई दाराशी बसून होत्या, पटलं नसावं. पहाटे चारला त्यांचाच फोन. जार पडली होती. खरवसाचं भांडं या वेळी रिकामंच राहणार, असं त्या जरा नाराजीनं म्हणाल्या. मी म्हटलं, तिसऱ्या दिवशीचा चीक पाठवा, त्याचाही बरा होतो.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. चोपडा, जि. जळगाव